इंग्रजीचा वार्षिक तक्ता भरण्यापूर्वी: मुख्याध्यापकांना आणि इंग्रजी शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, संस्थांचे पदाधिकारी आणि इंग्रजी विषयाचे शिक्षक यांस,

सस्नेह नमस्कार.

शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात आपण सगळेच वार्षिक नियोजनाचे तक्ते भरायला बसतो. इंग्रजीचा तक्ता भरायला फार वेळ लागत नाही, कारण तो बहुधा गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून उतरवलेला असतो. महिन्याच्या रकान्यात पाठांची आणि कवितांची नावे, त्यापुढे तासिकांची संख्या, शेवटच्या रकान्यात शैक्षणिक साधने आणि खाली मुख्याध्यापकांची सही, एवढे झाले की ते काम संपते. तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत २६ वर्षे इंग्रजी शिकवताना मीही हा तक्ता असाच भरत आले आणि त्याबद्दल मला कुणी कधी प्रश्न विचारला नाही. आता सेवेची थोडी वर्षे उरली असताना तो प्रश्न मी स्वतःला आणि आपल्यालाही विचारते आहे: आठवी, नववी आणि दहावी या तीन वर्षांच्या इंग्रजीची आखणी आपण नेमकी कशासाठी करतो?

माझे म्हणणे असे आहे की, दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला, पूर्वी कधी न पाहिलेले साध्या इंग्रजीतले एक पान कुणाच्याही मदतीशिवाय समजून वाचता यावे, हे आधी कागदावर लिहावे आणि तिथून मागे येत तीन वर्षांच्या तासिका वाटाव्यात. आज आपण दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका, समोर ठेवतो, तिच्यातल्या गुणांच्या विभागणीप्रमाणे दहावीचे वर्ष कापतो, मग नववीला दहावीची रंगीत तालीम करतो आणि आठवीला नववीची. या आखणीत वाचन कुठेच राहत नाही. राहतो तो उतारा.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते आमच्याच शाळेतून गेलेल्या एका मुलाने. वडिलांची द्राक्षबाग, माल निर्यातीचा, जानेवारी महिना, तोडणी तोंडावर आलेली. एका औषधाची शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, हे वडिलांना डब्यासोबतच्या पत्रकावरून खात्रीने पाहून घ्यायचे होते. पत्रकाचा मराठी भाग फाटून गेला होता आणि इंग्रजी तेवढे शिल्लक होते. मुलगा आदल्या वर्षी दहावी झालेला, इंग्रजीत ८१ गुण. तो पत्रक घेऊन माझ्या घरी आला आणि माझ्यासमोर त्याने ते घडाघडा वाचूनही दाखवले. उच्चार बरे होते, कुठे अडखळला नाही. दिवस किती लिहिलेत असे विचारल्यावर मात्र तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "मॅडम, हा उतारा पुस्तकातला नाही." उत्तर त्या पत्रकात एका सरळ वाक्यात होते. तो त्या वाक्यावरून दोनदा गेला होता.

त्याचे ८१ गुण खोटे नव्हते. पत्रलेखनाचा साचा त्याला पाठ होता, पाठाखालची उत्तरे त्याने तीन-तीनदा लिहिली होती, कवितेच्या रसग्रहणाचे मुद्दे तयार होते. अनोळखी उताऱ्यासाठी मीच त्याला युक्ती दिली होती: प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोध, तो सापडेल ते वाक्य उतरवून काढ. या युक्तीने गुण मिळतात. मात्र वाक्याचा अर्थ लागण्याची गरजच त्या युक्तीत नसते, आणि घरच्या बागेचा प्रश्न आला तेव्हा प्रश्नातला मोठा शब्द मराठीत होता. त्या संध्याकाळी मी त्याला ते वाक्य समजावून सांगितले, आणि तो गेल्यावर माझे नियोजनाचे जुने तक्ते काढून पाहिले. वर्षाच्या एकाही तासिकेपुढे 'मुलांनी स्वतः वाचणे' असे लिहिलेले नव्हते.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आज दहावीत बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजीच्या तासाला बसलेले असते. त्याच्या शेजारी मी दुसरे एक वर्ष ठेवते. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले, ते इंग्रजी पहिलीच्या वर्गात. रजिस्टरमधला त्यांचा क्रमांक १९१४ आहे, आणि २०१७ पासून तो दिवस आपण शाळाशाळांत विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या काळी प्राथमिक इयत्ता मराठीत पूर्ण करून मग मूल इंग्रजी पहिलीत जाई. उशिरा सुरू झालेल्या इंग्रजीने त्यांचे काही अडले नाही, कारण शिकलेले इंग्रजी त्यांनी वाचनाला जुंपले. ते असामान्य होते आणि प्रत्येक मुलाकडून तशी अपेक्षा करता येत नाही, हे मी जाणते. पण वर्षांची संख्या वाढवून वाचन आपोआप येत नाही, एवढे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर दिसते.

याच ठिकाणी साहित्याबद्दल बोलते, कारण आपल्या आखणीत साहित्याची सर्वांत जास्त आबाळ होते. विद्यार्थी दिवसाला आपण भाषणे ठेवतो. त्याऐवजी, किंवा त्यासोबत, नववीच्या वर्गात बाबासाहेबांच्याच इंग्रजीतली काही पाने वाचता येतील. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रवास आहे. वडील नोकरीच्या गावी होते आणि साताऱ्याहून लहानगे बाबासाहेब आणि घरातली इतर मुले त्यांना भेटायला निघाली. आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. पत्र न पोहोचल्यामुळे न्यायला कुणी आले नव्हते. मुलांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या बोलीवर एक जण तयार झाला. सोबत जेवण होते, पण पिण्याला पाणी मिळाले नाही. या मजकुराचे इंग्रजी साधे आहे. वाक्ये सरळ आहेत, घटना एकामागून एक येतात. मसूर स्टेशन आमच्या मुलांनी पुणे-मिरज गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. अशी पाने हाताशी असताना नववीच्या मुलांना साहित्य म्हणून परक्या देशातला एखादा कापून-जोडून सोपा केलेला उताराच का द्यावा, याचे उत्तर मला सापडत नाही.

आपला हा भाग या बाबतीत फार श्रीमंत आहे आणि इंग्रजीचा अभ्यासक्रम आखताना आपण ही श्रीमंती विसरतो. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' राम देशमुख यांनी इंग्रजीत नेली आणि ते भाषांतर १९५८ साली प्रसिद्ध झाले. माणदेशातला धनगरांचा गाव, तिथे नेमणूक होऊन आलेला कोवळा मास्तर आणि शाळेत मुले यावीत म्हणून त्याने घातलेल्या खेपा, हे सारे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. त्यांना आशय आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सगळे लक्ष भाषेवर देता येते. परकी भाषा शिकताना ही फार मोठी सवलत आहे. मराठीतले एक प्रकरण आणि त्याचे इंग्रजी भाषांतर शेजारी-शेजारी ठेवून मी नववीच्या वर्गात चार तासिका घेतल्या होत्या. मेंढरे, वाघर, तरवड अशा शब्दांचे इंग्रजीत काय झाले यावर मुले एरवी कधी बोलत नाहीत इतके बोलली. भाषांतरात काय हरवते, हे बाराशे वस्तीच्या गावातली चौदा वर्षांची मुलगी नेमके सांगू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

कवितेसाठी अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' आहे. कोल्हापूरच्या या कवीने ते थेट इंग्रजीत लिहिले आणि १९७६ साली ते पुस्तक आले. खंडोबाला जाणारी एस. टी., तिच्या खिडक्यांवर बटणांनी बंद केलेली ताडपत्री, समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात दिसणारे आपलेच तोंड: हे पाल-जेजुरीच्या वाऱ्या केलेल्या घरातल्या मुलांना परके नाही. त्या पुस्तकातल्या सगळ्याच कविता शाळेसाठी नाहीत, पण दोन-तीन निश्चित आहेत.

दहावीच्या वर्षी, कृतिपत्रिकेचे ओझे असले तरी, सहा तासिका शेक्सपिअरला द्याव्यात, असे मी आग्रहाने सांगते. हे वाचून काही सहकारी दचकतील. पण शेक्सपिअर या भागात दीडशे वर्षांच्या आसपास मुक्कामाला आहे. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. 'ऑथेल्लो'च्या पहिल्या अंकात एक प्रवेश आहे. मुलीवर जादू करून तिला पळवल्याचा आरोप ऑथेल्लोवर दरबारात होतो आणि तो उत्तर देतो की, मी फक्त माझ्या आयुष्याची हकिगत सांगत गेलो आणि ती ऐकत गेली. हा प्रवेश आधी मराठीत सांगावा, मग 'झुंझारराव'मधला तोच भाग मोठ्याने वाचावा आणि शेवटी मूळ इंग्रजीतल्या दहा-बारा ओळी मुलांच्या तोंडी द्याव्यात. व्याकरण विचारू नये, शब्दार्थांची यादी देऊ नये. विष्णुदास भाव्यांच्या गावाच्या जिल्ह्यात मुलांना नाटक कसे वाचायचे हे शिकवायला वेगळे प्रशिक्षण लागत नाही. स्नेहसंमेलनात ती दर वर्षी ते करून दाखवतात.

आता रसग्रहणाबद्दल. कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ, असे मुद्दे ठरलेले असल्यामुळे आपण कविता शिकवण्याआधीच मुद्दे शिकवतो. मुले यमकरचनेची अक्षरे लावतात आणि कविता वाचतच नाहीत. माझी विनंती अशी की, कवितेची पहिली तासिका फक्त ऐकण्याची ठेवावी. शिक्षकांनी ती दोनदा वाचावी, मुलांनी एकदा, आणि मग एकच प्रश्न विचारावा: इथे कोण कुणाशी बोलत आहे? मुद्दे दुसऱ्या तासिकेला. अलंकारांसाठी तर इंग्रजीच्या तासिका फार खर्च करूच नयेत. उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे सगळे मराठीच्या तासाला येतातच. एका शाळेत दोन भाषाशिक्षक एकच गोष्ट दोन वेगळ्या नावांनी, एकमेकांना न विचारता शिकवत असतात आणि मुलांना त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी जूनमध्ये एकत्र बसून तक्ता भरला तर इंग्रजीच्या पाच-सहा तासिका सहज वाचतील.

वाचनाकडे परत येते. मूल स्वतःच्या बळावर केव्हा वाचू शकते, याचा एक हिशेब भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी मांडलेला आहे: शंभर शब्दांतले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असतील तर उरलेल्या दोनांचा अंदाज येतो आणि वाचन चालू राहते. अडीचशे शब्दांच्या पानावर हे पाच अनोळखी शब्द होतात. मी एकदा नववीच्या मुलांना पाठ्यपुस्तकातल्या न शिकवलेल्या एका पानावर अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढायला सांगितल्या, तर बहुतेकांच्या पानावर तीस-चाळीस रेघा निघाल्या. असे पान वाचता येत नाही. ते फक्त शिकवता येते. म्हणून पाठ्यपुस्तक हे शिकवण्याचे पुस्तक आहे, वाचनाचे नाही, आणि वाचनासाठी त्याहून दोन पायऱ्या सोपी पुस्तके वेगळी लागतात. ही गोष्ट मी नोकरीच्या विसाव्या वर्षी शिकले, ती आपल्यापैकी नव्या शिक्षकांनी पहिल्या वर्षी शिकावी.

याबाबत मायकेल वेस्ट यांचे काम आपल्याला जवळचे आहे. ते ढाक्यात शिक्षकांना शिकवत होते आणि १९२० च्या दशकात बंगाली मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास करून त्यांनी सांगितले की, इथल्या मुलांसाठी वाचन आधी यावे. त्यांचे कारण विचार करण्यासारखे आहे. बरीच मुले शाळा मध्येच सोडतात, तेव्हा ज्या टप्प्यावर मूल शाळा सोडेल तिथे त्याच्या हाती काहीतरी वापरता येण्याजोगे उरले पाहिजे. विम्याची पॉलिसी मुदतीआधी बंद केली तरी जी रक्कम परत मिळते, तिचेच नाव त्यांनी या कल्पनेला दिले होते. त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी साध्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग व्यापते. आठवी ते दहावी या तीन वर्षांत हे दोन हजार शब्द पक्के करणे हे आपल्या आवाक्यातले काम आहे. दर पाठाखालचे पंधरा अवघड शब्द पाठ करून घेण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त आहे, कारण पाठाखालचे ते शब्द मुलाला पुन्हा कधी भेटतही नाहीत.

आमच्या शाळेत मी शनिवारच्या सकाळच्या शाळेत नववीसाठी वाचनाची एक तासिका सुरू केली. पहिले वर्ष वाया गेले, आणि ते का गेले हे सांगणे उपयोगाचे आहे. गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी आपुलकीने जाड, सुंदर बांधणीची इंग्रजी पुस्तके भेट दिली आणि मी तीच मुलांच्या हाती ठेवली. मुले शिस्तीत बसत आणि पाने उलटत. दुसऱ्या वर्षी ती पुस्तके कपाटात गेली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मिळतात आणि त्या मोफत छापून घेता येतात. त्यातल्या साठ गोष्टी छापून, पाठीला पुठ्ठा लावून, मी एका दोरीवर टांगल्या. नियम एकच: पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक परत ठेवायचे आणि सोपे घ्यायचे, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. नववीच्या मुलाने लहान मुलांची गोष्ट हाती घ्यायला पहिले दोन शनिवार संकोच केला. तिसऱ्या शनिवारी एकाने सलग चार गोष्टी संपवल्या, आणि मग 'मी किती संपवल्या' हे सांगण्याची चढाओढ लागली. सगळ्या वर्गाचे वाचन सुधारले असे मी म्हणणार नाही. आठ-दहा मुले शेवटपर्यंत अक्षरांपाशीच अडकून राहिली, आणि त्यांच्यासाठी वेगळी तासिका हवी होती, जी मला मिळाली नाही.

वेळेचा प्रश्न येणारच. आमच्याकडे नववीला आठवड्याला इंग्रजीच्या सात तासिका असतात. त्यांची वाटणी मी अशी करते: तीन पाठ्यपुस्तकाला, दोन वाचनाला (एक स्वतःच्या पुस्तकाची, एक सगळ्या वर्गाने मिळून एकच मजकूर वाचण्याची), एक बोलण्याला आणि एक लेखनाला. व्याकरणाला वेगळी तासिका नाही. ते लेखनाच्या वह्या तपासताना जे निघेल त्यावरून दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे. पाठ्यपुस्तक तीन तासिकांत पूर्ण होत नाही अशी शंका मलाही होती. प्रत्येक पाठाचे वाक्यन्‌वाक्य मराठीत सांगणे थांबवले, तर ते होते. दहावीला प्रथम सत्रातच अभ्यासक्रमाचा मोठा भाग उरकावा लागतो आणि जानेवारीत पूर्वपरीक्षा येते, हे मला माहीत आहे. म्हणूनच वाचनाचा सगळा भार नववीवर टाकावा आणि नववीला दहावीची तालीम करू नये.

व्याकरणाबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण ती फक्त मराठी बोलणाऱ्या शिक्षकालाच सांगता येते. आपली मुले चुकतात ती मराठीच्या वळणाने चुकतात, आणि ते वळण ओळखले की चूक दुरुस्त होते. मराठीत भूक 'मला' लागते, ताप 'मला' येतो, माहीत 'मला' असते. इंग्रजीला तिथे कर्ता पहिल्या विभक्तीत हवा असतो. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांत आपले क्रियापद कर्माकडे पाहते, इंग्रजीचे कर्त्याकडे. 'पासून' या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत, एक सुरुवातीच्या क्षणासाठी आणि एक कालावधीसाठी. नामाच्या आधी येणारी 'अ', 'अ‍ॅन', 'द' ही उपपदे मराठीत नाहीतच, त्यामुळे ती शेवटपर्यंत गाळली जातात. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी लिहून हे फरक दाखवले की आठवीच्या मुलालाही ते दिसतात. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये असा आग्रह काही शाळांत अलीकडे धरला जातो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मराठी हे इंग्रजीच्या तासातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक साधन आहे.

बोलण्याच्या तासिकेसाठी बंगळुरूमध्ये १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी शाळांमध्ये केलेल्या प्रयोगाची आठवण ठेवावी. व्याकरण बाजूला ठेवून त्यांनी मुलांना कामे दिली, त्यांत रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या गोष्टी वाचून उत्तर काढणे असे. मिरज जंक्शनचे वेळापत्रक आपल्याकडे हाताशी आहे: पंढरपूरला सकाळी अकराच्या आत पोहोचायचे असेल तर कोणती गाडी, आणि ती चुकली तर पुढचा मार्ग कोणता? औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल आहे, पिवळा, निळा की हिरवा, आणि त्यावरून विषारीपणा किती? बेदाण्याच्या सौद्याची पट्टी, बँकेचा फॉर्म, दूध संघाची चिठ्ठी यांतली इंग्रजी अक्षरे? उत्तर काढताना मुले मोडके इंग्रजी बोलतील. बोलू द्यावे, आणि त्या वेळी चूक दुरुस्त करू नये.

दहावीला शाळेनेच द्यायच्या अंतर्गत २० गुणांबाबत मला बोलणे भाग आहे. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत हे गुण नव्हते, भाषेची लेखी परीक्षाच १०० गुणांची होती. पुढच्या वर्षी ८० आणि २० अशी विभागणी परत आली. गुण परत आले याचा मला आनंद आहे, पण ते आपण कसे देतो हे आपण सगळे जाणतो. फेब्रुवारीत दोन दिवसांत सगळा वर्ग रांगेने येतो, प्रत्येक जण पाठ केलेल्या पाच ओळी म्हणतो, आणि सरसकट सतरा-अठरा गुण पडतात. वर्षभर दर आठवड्याला एक बोलण्याची तासिका असेल तर या गुणांची नोंद वहीत आपोआप जमते आणि फेब्रुवारीची रांग लागत नाही. ज्यांना हे गुण पुन्हा कधी जाऊ नयेत असे वाटते, त्यांनी ते खरे द्यावेत.

सेमी-इंग्रजीच्या तुकड्यांबद्दल थोडेच. तिथली मुले विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत वाचतात आणि ते इंग्रजीच्या पुस्तकाहून अवघड असते. आठवीच्या जूनमध्ये पहिले दोन आठवडे इंग्रजीच्या शिक्षकांनी विज्ञानाच्याच पुस्तकातली पाने वाचायला घ्यावीत.

संस्थाचालकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो त्याला इंग्रजीच्या तासिका देऊन तो भरून काढण्याची पद्धत बंद करावी. यात शिक्षकाचा दोष नसतो, पण नुकसान मुलांचे होते. आणि ग्रंथालयाच्या खरेदीत, जाड पुस्तकांच्या ऐवजी, पातळ आणि सोप्या इंग्रजी पुस्तकांच्या वीस-वीस प्रती घ्याव्यात, म्हणजे अर्धा वर्ग एकाच वेळी एकच पुस्तक वाचू शकेल. इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती याहून अवघड आहे. आपण स्वतः काय वाचतो? मी मधली कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तक आणि गाईड यांपलीकडे इंग्रजीचे एकही पान वाचले नव्हते. तालुक्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून झाल्यावर अर्धा तास एखादी इंग्रजी कथा मिळून वाचली, तर मुलांना वाचायला सांगताना आपला आवाज वेगळा येईल.

राज्याचा नवा अभ्यासक्रम आराखडा आला आहे आणि नवी पुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहेत. ती नववी-दहावीपर्यंत पोहोचायला काही वर्षे जातील. तोपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही, कारण वर सांगितलेल्या कशालाही शासनाच्या परवानगीची गरज नाही. तासिकांची वाटणी मुख्याध्यापकांच्या हातात आहे, घटक चाचणीचा कागद शिक्षकांच्या हातात आहे.

म्हणून यंदासाठी एवढेच सुचवते. पहिल्या घटक चाचणीत नववीच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पूर्ण पान द्यावे, त्याखाली तीनच प्रश्न ठेवावेत, आणि उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी, म्हणजे मुलाला पान समजले की नाही तेवढेच कळेल. ते कागद गुण न देता बाजूला ठेवावेत आणि तसेच दुसरे पान मार्चमध्ये पुन्हा द्यावे. ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी मी तासगाव, पलूस आणि कडेगावच्या मुलांना समजतील अशी बारा पाने निवडून ठेवली आहेत; तालुक्याच्या पहिल्या बैठकीला ती घेऊन येईन, आणि दोरीवरच्या साठ गोष्टीही, कुणाला छापून घ्यायच्या असतील तर.

आपली नम्र,
एक इंग्रजी शिक्षिका
तासगाव तालुका, जि. सांगली